कड्यातली मऊ जागा

"हात कुणी लावला, मास्तर?"

सौमित्रने कडं ओट्यावर ठेवलं. आदळायचंच होतं त्याला, पण स्वतःच्या हाताने केलेली वस्तू आदळवत नाही.

सबनीस मास्तर बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी तो निवांत संपवला, बशी बाजूला ठेवली आणि मग वर पाहिलं.

"कशाला?"

"कड्याला. आज झोतातून निघालं आणि पुन्हा त्याच जागी मऊ. नख रुततंय, बघा…"

मास्तरांनी नख रुतवलं नाही. खिशातून जुना रुपया काढला आणि कड्याच्या कडेने टकटक करत निघाले. बाजारात माठ घेताना वाजवून बघतात, तसे.

खणखणीत… खणखणीत… खणखणीत… बद्द.

"हं," मास्तर म्हणाले.

सौमित्रला ते 'हं' आवडलं नाही. त्यात आनंद असावा असं त्याला वाटलं. हल्ली त्याला कुणाच्याही 'हं'मध्ये काहीबाही ऐकू येत असे.

डोंगराच्या पोटाशी असलेल्या त्या कार्यशाळेत अवकाशात जाणाऱ्या यानांचे सांगाडे बनायचे. लोखंडाचे नव्हेत, कार्बनच्या कापडाचे. साच्यावर राळेत भिजलेल्या कापडाचे थर चढवायचे आणि राळ घट्ट करायची. घट्ट झाली की पोलादानेही मान खाली घालावी अशी वस्तू तयार! मास्तरांच्या काळी ही राळ भट्टीत घट्ट व्हायची, तासन् तास आच देऊन. मास्तरांचं अर्धं आयुष्य त्या भट्टीपाशी गेलं. निवृत्त झाल्यावरही ते भट्टीमागच्याच खोलीत राहिले, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर शेवटची सही अजून त्यांचीच लागे.

मग डॉक्टर सौमित्र कोठावळे परदेशात शिकून आला आणि त्याने भट्टीला कायमची सुट्टी दिली. जाड भिंतींच्या झोतघरात साचा ठेवायचा, इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा, की राळ बघता बघता घट्ट. ना आच, ना वाफ. झोत लागताच राळेत एक आम्ल जागं होतं आणि तेच राळेची वीण घालतं. विद्या खरी होती, पोरगाही हुशार होता. फक्त आपण हुशार आहोत हे तो दिवसातून एकदाही विसरत नसे.

हे कडं म्हणजे त्याची परीक्षा होती. उपग्रह रॉकेटच्या डोक्यावर या कड्यात बसायचा होता. उड्डाणाच्या हादऱ्यात कडं फाटलं, तर वर्षानुवर्षांची मेहनत समुद्रात. चाचणीसाठी केलेल्या पाट्या सगळ्या खणखणीत निघाल्या होत्या. पहिलं कडं केलं, ते एका जागी मऊ. आता दुसरंही तसंच. कापड उरलं होतं ते फक्त आणखी एका कड्यापुरतं.

"पाट्या चांगल्या निघतात आणि कडंच बिघडतं," सौमित्र म्हणाला. "म्हणजे कुणीतरी नेमकं कड्यालाच हात लावतंय."

"मागच्या वेळी कुणी लावला होता?"

"मोहित्याने."

"त्याला तर तू घरी बसवलंस."

"बसवलं. मऊ जागेत आम्लारी सापडली होती, मास्तर. चुना, सोडा, तसलं काहीतरी. झोताने जागं केलेलं आम्ल ती जागच्या जागी मारते, मग राळ घट्ट कशी होणार? आणि अख्ख्या साचेघरात तंबाखूला चुना लावणारा माणूस एकच."

"बघितलं होतंस?"

"दात बघा की त्याचे!"



"पण यावेळी मोहिते नव्हता," सौमित्र पुढे म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला. "कापडाचे थर मी एकट्याने चढवले. कुलूप मी लावलं. आणि काल संध्याकाळी साचेघरात…"

"बोल की."

"…तुम्ही होता. पहारेकऱ्याने पाहिलंय."

"होतो."

"नाकारत नाही तुम्ही?"

"होतो तर होतो."

सौमित्रला वाटलं होतं, म्हातारा चिडेल, निदान दचकेल. चोर सापडल्यावर तो असा बशीत उरलेला चहा बघत बसेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

"भट्टी बंद पडली याचं तुम्हाला वाईट वाटतं," तो म्हणाला.

"वाटतं."

"माझं कडं बिघडलं तर भट्टी पुन्हा पेटेल."

"पेटेल."

"मग…"

"मग काय?"

 ज्या माणसाकडून पहिल्यांदा कापडाचा थर चढवायला शिकलो, त्याला तोंडावर चोर म्हणायचं, म्हणजे जीभ जड होतेच.

मास्तर उठून आत गेले. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा एका हातात वाटी होती आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"हे काय?"

"हळद."

"दिसतंय. कशाला?"

"हळदीच्या डागावर साबण लावला की काय होतं?"

"लाल होतो…" सौमित्र म्हणाला आणि थांबला. आम्लारी लागली की हळद लाल होते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याने तीच गोष्ट शोधायला एक मोठं यंत्र राबवलं होतं.

मास्तरांनी हळद कालवली आणि बोटाने मऊ जागेवर चोपडली. जरा वेळ ती हळदीसारखीच राहिली. मग हळूहळू लाल झाली.

"आता माझे हात," मास्तर म्हणाले. त्यांनी दोन्ही तळव्यांना हळद फासली आणि सौमित्रपुढे धरले. पिवळेधमक. हळदीला बसलेल्या नवरदेवासारखे.

"गेला संशय?"

"हात धुता येतात," सौमित्र म्हणाला.

मास्तर पहिल्यांदाच हसले. "शाब्बास. संशय घ्यावा तर असा. आता तुझे."

"माझे?" सौमित्रचा चेहरा एकदम उजळला. याच क्षणाची तो वाट बघत होता म्हणा ना! "माझे हात कशाला, माझे हातमोजेच बघा. काल थर चढवताना घातलेले. काढल्याबरोबर पिशवीत बंद केले. उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवलं तर पुरावा असावा म्हणून."

दुधाने तोंड पोळलं की माणसं ताक फुंकून पितात. हा गडी तोंड न पोळताच फुंकत होता.

त्याने सोबत आणलेली पिशवी उघडून मोजे ओट्यावर ठेवले. मास्तरांनी उजव्या मोज्यावर हळदीचं पाणी शिंपडलं.

करंगळी पिवळी. अनामिका पिवळी. मधलं बोट पिवळं.

अंगठ्याचं टोक लाल झालं. मग त्याच्या शेजारच्या बोटाचं.

…

"चिमटीत काय होतं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही."

"काल अंधारून आलं होतं. मला तुझी चिमूट दिसली. चिमटीतलं दिसलं नाही."

"काही नव्हतं, मास्तर! कापड, राळ, झोत. कशातही तसूभर फरक नाही. पाट्यांना जे केलं तेच कड्याला…"

बोलता बोलता त्याचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथपर्यंत जाऊन थांबला.

मास्तर त्या हाताकडे बघत राहिले.

सौमित्रने कागदाची एक चपटी पुडी काढली. ती ओट्यावर ठेवावी की मुठीतच धरावी, हे त्याला कळेना.

"अंगारा आहे," तो म्हणाला. "गावच्या देवीच्या धुनीचा. आई पाठवते."

या सौमित्रला कार्यशाळेत सगळे कट्टर नास्तिक समजत. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा हा पठ्ठ्या बाहेर झाडाखाली उभा राहिला होता, प्रसादाचा पेढासुद्धा घेतला नव्हता.

"तू देव मानत नाहीस ना?"

"नाही."

"मग?"

"आई मानते."

…

"पाट्यांना घातला होतास?"

"छे. चाचणीला कशाला…"

"कड्याला घातलास."

"कडं महत्त्वाचं होतं, मास्तर."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याला ते स्वतःलाच ऐकू आले. आईच्या चुलीतल्या राखेने तो लहानपणी भांडी घासत असे. राख तेल मारते, आम्ल मारते, हे त्याला पुस्तकाआधी भांड्यांनी शिकवलं होतं. पण अंगारा त्याने कधी राखेत धरलाच नव्हता. राख ती राख, अंगारा तो अंगारा.

"पण मी त्यात काही मिसळलं नाही!" तो जवळजवळ ओरडला. "चिमूटभर, कडेच्या थराखाली… तो अंगारा आहे!"

"हो. पण राळेला कोण सांगणार?"

सौमित्र ओट्याच्या पायरीवर बसला. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली. पण हुशार माणसाची लाज फार वेळ लाज राहत नाही, ती लगेच युक्ती शोधू लागते.

"बरं झालं," तो म्हणाला. "दोष सापडला. आणखी एका कड्याचं कापड आहे. मी पुडी घरी ठेवतो. नवं कडं निर्दोष निघेल, तुम्ही सही करा, विषय संपला."

"मोहिते?"

"त्यालाही परत बोलावतो. राळ खराब निघाली असं कळवतो."

"राळ खराब होती?"

"मास्तर, काय सांगू त्याला? झोतघराचा प्रमुख साच्यात अंगारा टाकतो म्हणून? उद्या सगळी कार्यशाळा हसेल. मला कोण विचारणार मग?"

मास्तरांनी ते ओले मोजे उचलले, झटकले आणि त्याच्यापुढे धरले.

"घाल."

"काय?"

"मोजे चढव. आणि मोहित्याच्या घरी जा."

"हे असे? लोक विचारतील…"

"विचारतील."

"आणि नाही गेलो तर?"

मास्तर आत गेले आणि दार लोटून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला नाही. सौमित्रने बराच वेळ तो ऐकायची वाट पाहिली.

मग त्याने मोजे चढवले.

मोहिते वस्तीच्या टोकाला राहायचा. कार्यशाळेच्या फाटकातून, चहाच्या टपरीवरून, नळावरच्या बायकांसमोरून जावं लागे. सौमित्र हात मागे बांधून चालत होता. त्यामुळे बघायचं नसलेल्यांनीही मागे वळून त्याचे हात पाहिले.

मोहिते अंगणात बाजेची सुतळी ओढत बसला होता. त्याने साहेबांना पाहिलं, पण उठला नाही. पूर्वी उठायचा.

"हळद कुणाची म्हनायची, सायेब?" त्याने मोज्यांकडे बघून विचारलं.

सौमित्रने सगळं सांगितलं. घाईघाईने सांगितलं, मधेच अडखळला, पण पुडीसकट सांगितलं. राळेचं नाव त्याने घेतलं नाही.

मोहित्याने सुतळीला एक पीळ दिला, दुसरा दिला.

"नात झाली तवाच तंबाखू सोडली म्या," तो म्हणाला. "दात काय आता पांढरं हुत्यात व्हय? इचारलं असतंसा तर सांगितलं असतं."

 मोहित्याला कधी काही विचारलं होतं का, हे आठवायचा सौमित्रने प्रयत्न केला. त्याला आठवलं ते फक्त सांगितलेलं.

"चुकलं माझं, मोहिते."

"व्हय. चुकलंच."

"उद्यापासून याल?"

"यीन की. पर एक हाय. साचंघराच्या दारात तुमचं खिसं बघीन म्या. मगच आत."

"माझे खिसे?"

"व्हय. रोज."

"मी प्रमुख आहे तिथला!"

"म्हनूनच तर."

सौमित्र निघाला. परतताना मात्र त्याने हात मागे बांधले नाहीत. बांधून काय उपयोग, वस्तीने पाहायचं ते पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी साचेघराच्या दारात, सगळ्यांसमोर, डॉक्टर सौमित्र कोठावळे हात पसरून उभा राहिला. मोहित्याने खिसे चाचपले. वरच्या खिशात पुडी होतीच, सवयीने आलेली. कुणीतरी फिसकन हसलं. मोहिते हसला नाही. त्याने पुडी आपल्या टोपीत ठेवली, टोपी बाहेर खुंटीला अडकवली आणि संध्याकाळी पुडी परत दिली.

"आईची हाय. इसरू नगासा."

असं रोज चाललं. पहिल्यांदा सौमित्र दात-ओठ खात उभा राही. मग नुसता उभा राहू लागला. पुढे पुढे मोहिते दिसला की त्याचे हात आपसूक वर जाऊ लागले, आणि बघणाऱ्यांनाही त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही.

तिसरं कडं दोघांनी मिळून केलं. सौमित्र थर चढवी, मोहिते दाबून बसवी. मोहिते थर चढवी, सौमित्र बारकाईने बघे. दोघांचाही एकमेकांवर फार विश्वास होता असं नाही. कापड संपलं होतं, आता चुकायला जागा नव्हती, एवढं मात्र दोघांना पक्कं ठाऊक होतं.

कडं झोतघरात गेलं. जाड दार बंद झालं, लाल दिवा लागला, विझला. आत बघायचं काही नसतं. झोत दिसत नाही, राळ घट्ट होताना दिसत नाही.  सौमित्रचा हात खिशाकडे गेला, खिसा रिकामा होता, आणि तो हात तसाच छातीवर राहिला.

मग दोघं कडं घेऊन मास्तरांच्या ओट्यावर आले. म्हणजे सौमित्र वर आला, मोहिते कामाला जातो म्हणून फाटकातूनच वळला.

मास्तरांनी रुपया काढला.

खणखणीत… खणखणीत… खणखणीत… 

त्या जागेपाशी ते थांबले. 

खणखणीत.

मास्तरांनी पूर्ण फेरा केला. मग उलट्या बाजूने पुन्हा केला. म्हाताराही काही कमी संशयी नव्हता. शेवटी त्यांनी कागद ओढला आणि सही केली.

सौमित्रला रडू आलं. परदेशातल्या पदवीच्या वेळी आलं नव्हतं. तो ओट्यावरून खाली उतरून पायरीवर बसला, शिकायला आला होता तेव्हा बसायचा तसा, आणि त्याने मास्तरांचे पाय धरले.

"मास्तर, एक विचारू?"

"विचार."

"मी तुम्हाला चोर म्हटलं…"

"म्हटलं नाहीस. म्हणणार होतास."

"सगळ्या कार्यशाळेने मोहित्याकडे बोट दाखवलं. एकालाही माझा संशय आला नाही. मला स्वतःलाही नाही. तुम्ही एकटे त्या संध्याकाळी साचेघरात येऊन उभे राहिलात." त्याने वर पाहिलं. "एवढी नजर कुठून येते, मास्तर? मीच दोषी आहे, हे तुम्ही ओळखलंत कसं?"

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. फाटकाकडे पाहिलं. मोहिते आता दिसत नव्हता.

…

"ओळखलं कुठं होतं?" मास्तर म्हणाले. "घरी बसवलेला माणूस राग काढायला चोरून येईल, असं वाटलं. मी मोहित्याला पकडायला आलो होतो."